बुडबुडा अडवायचा कुठे? स्पार्कलिंग वाइन कशी घडते आणि तिचे नाव कसे ठरते

गोटी सोड्याची बाटली ज्यांनी हाताळली आहे, त्यांना दाबाखालचा वायू म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सोडावाला पाण्यात यंत्राने कार्बन डायऑक्साइड भरतो, आतल्या दाबाने काचेची गोटी गळ्यातल्या रबरी चकतीवर घट्ट बसते आणि ती आत ढकलेपर्यंत वायू पाण्यात मुकाट विरघळून राहतो. स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीतही हाच वायू असतो आणि तोही असाच कोंडलेला असतो. मात्र चांगल्या स्पार्कलिंग वाइनमध्ये तो बाहेरून भरलेला नसतो, तर त्या वाइनमध्येच तयार झालेला असतो. तो कोणत्या भांड्यात तयार झाला, तिथे किती काळ राहिला आणि ते भांडे कोणत्या गावच्या तळघरात होते, एवढे कळले की शॅम्पेन, कावा, प्रोसेक्को, क्रेमाँ ही नावे, त्यांच्या किमतींतली तफावत आणि त्यांच्यावरून झालेली भांडणे यांचा बराचसा उलगडा होतो.

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट हे सूक्ष्मजीव ती साखर खातात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतात. साधी वाइन तयार होताना हा वायू टाकीतून निघून जातो, त्याची कोणी फिकीर करत नाही. स्पार्कलिंग वाइन करताना पहिल्यांदा रस असाच आंबवून साधी, बिनबुडबुड्यांची आणि चवीला बरीच आंबट वाइन करून घेतात. मग त्या तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि थोडे यीस्ट घालून ती दुसऱ्यांदा आंबवतात. ही दुसरी फेरी मात्र बंद भांड्यात होते. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे वायू वाइनमध्येच विरघळतो. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणून शॅम्पेन करणारे लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालून ६ वातावरणांच्या आसपास दाब मिळवतात. पेट्रोल पंपावर मोटारीच्या चाकात आपण ३०-३२ हवा भरून घेतो. त्याच मापाने मोजले तर शॅम्पेनच्या बाटलीत नव्वदीच्या जवळपास हवा असते. बाटली एवढी जाड आणि जड का, तिचा तळ आत का खोलगट केलेला असतो आणि बुचावर तारेचा पिंजरा का घालतात, हे यावरून लक्षात यावे.

हे गणित माहीत नव्हते तेव्हा बाटल्या फुटत. शॅम्पेन हा ईशान्य फ्रान्समधला थंड प्रदेश आहे. रँस आणि एपर्ने ही तिथली मुख्य शहरे. तिथे शरद ऋतूत सुरू झालेले आंबणे कडाक्याच्या थंडीने मध्येच थांबे आणि वसंतात ऊब आली की पुन्हा चालू होई. तोवर वाइन बाटलीत गेलेली असली तर वायू आतच अडके. दॉम पेरिन्यों या ओव्हिलेर मठातल्या साधूने शॅम्पेनचा शोध लावला अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण ती खरी नाही. १७१५ मध्ये वारलेल्या या माणसाचे खरे कसब वेगवेगळ्या मळ्यांतल्या द्राक्षांचा मेळ घालण्यात आणि काळ्या द्राक्षांतून स्वच्छ पांढरा रस काढण्यात होते. त्याच्या काळात बुडबुडा हा वाइनमधला दोष समजला जाई आणि तो टाळण्याचीच धडपड चाले. वाइनमध्ये मुद्दाम साखर घालून ती फसफसती करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रजाने डिसेंबर १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात नोंदवलेली आहे. इंग्रजांना ते जमण्याचे कारण काचेत होते: त्यांच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालत आणि तिथली काच फ्रेंच काचेपेक्षा मजबूत निघे. तरीही एकोणिसाव्या शतकापर्यंत तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे चढवून वावरत, कारण एक बाटली फुटली की शेजारच्या चार फुटत. १८३६ मध्ये शालों गावच्या फ्राँस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने वाइनमधली साखर मोजून किती दाब होईल हे ठरवण्याची पद्धत दिली आणि हा धंदा नशिबाच्या हातून मोजमापाच्या हाती आला.

आता द्राक्षांकडे वळू. शॅम्पेनमध्ये प्रामुख्याने तीन जाती चालतात: शार्दोने ही पांढरी, तर पिनो न्वार आणि म्यून्ये या काळ्या. काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, गरात नव्हे. घड अख्खे ठेवून हलक्या हाताने दाबले की रस जवळपास बिनरंगाचा निघतो. म्हणूनच तिथली तोडणी हाताने करण्याचा नियम आहे आणि ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरपेक्षा जास्त रस घेता येत नाही. द्राक्षे पुरती गोड होण्याआधी तोडावी लागतात. दुसऱ्या फेरीत अल्कोहोल आणखी सव्वा टक्क्याने वाढते, म्हणून पहिली वाइन हलकी हवी. शिवाय आंबटपणा हा या पेयाचा कणा आहे. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ही गोष्ट सुरुवातीला उलटी वाटते. खाण्याच्या द्राक्षात साखर भरायची वाट पाहण्यात त्याची उमर गेलेली असते आणि इथे मात्र रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १७ ते १९ ब्रिक्स, म्हणजे साधारण तितके टक्के साखर, दिसली की, घड अजून दाताला आंबट लागत असतानाच, तोडणीचा निरोप येतो.

शॅम्पेनची जी रीत आज पारंपरिक पद्धत म्हणून ओळखली जाते, तिचा जीव दुसऱ्या फेरीत आणि तिच्यानंतरच्या वाट पाहण्यात आहे. साधी वाइन तयार झाली की तळघराचा प्रमुख निरनिराळ्या गावांच्या, जातींच्या आणि बहुतेक वेळा निरनिराळ्या वर्षांच्या वाइन चाखून त्यांचे मिश्रण ठरवतो. थंड प्रदेशात एखादे वर्ष वाईट जाणारच, म्हणून मागील वर्षांची वाइन राखून ठेवलेली असते. नेहमीच्या शॅम्पेनवर साल छापलेले नसते ते याचमुळे. मग साखर व यीस्ट घालून वाइन बाटल्यांत भरतात, बिअरच्या बाटलीला असते तसले पत्र्याचे झाकण ठोकतात आणि बाटल्या थंड तळघरात आडव्या रचून ठेवतात. काही आठवड्यांत साखर संपते, यीस्ट मरतात आणि त्यांचा पातळ राखाडी साका बाटलीच्या कुशीत बसतो.

इथे घाई केली तर बुडबुडे मिळतात, चव मिळत नाही. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू विघटित होतात आणि त्यांतली द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. बेकरीच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा, खारीचा, कधी भाजलेल्या बदामाचा जो वास चांगल्या शॅम्पेनला येतो, तो द्राक्षाचा नसून या साक्याचा असतो. म्हणून कायदा मुदत ठरवतो. साल न छापलेल्या शॅम्पेनने बाटलीत किमान १५ महिने काढले पाहिजेत आणि त्यांपैकी १२ साक्यावर. साल छापलेल्या शॅम्पेनला ३ वर्षे लागतात. स्पेनच्या कावाला ९ महिने पुरतात, पण त्याच कावावर ग्रान रेसेर्वा छापायचे असेल तर ३० महिने थांबावे लागते. इटलीच्या फ्रांचाकोर्ताला कमीत कमी १८ महिने. किमतीतला मोठा वाटा या थांबण्याचा असतो, कारण माल पडून असतो आणि पैसा अडकलेला असतो.

साका चव देतो, पण तो पेल्यात आलेला कोणाला आवडत नाही. तो काढायचा कसा, तेही आतला वायू न गमावता? सत्ताविसाव्या वर्षी, १८०५ मध्ये, विधवा झालेल्या आणि नवऱ्याचा धंदा स्वतः चालवणाऱ्या बार्ब-निकोल क्लिको यांच्या तळघरात यावर तोड निघाली. भोके पाडलेल्या तिरक्या फळ्यांत बाटल्या गळ्याच्या बाजूने खोवायच्या आणि रोज एकेकीला हलका हिसका देत थोडी फिरवायची, थोडी उभी करायची. महिना-दीड महिन्यात बाटली डोक्यावर उभी राहते आणि सगळा साका झाकणापाशी गोळा होतो. सरावलेला कामगार दिवसाला ४० हजारांच्या पुढे बाटल्या फिरवतो. आज बहुतेक ठिकाणी हे काम ५०४ बाटल्यांचा पिंजरा फिरवणारे यंत्र आठवडाभरात उरकते आणि वाइनच्या चवीत त्याने फरक पडत नाही. हाताने फिरवलेल्या बाटलीचे कौतुक जाहिरातीपुरतेच समजावे.

पुढची पायरी जवळून पाहण्यासारखी असते. उलट्या बाटलीचा गळा शून्याखाली पंचवीस-सत्तावीस अंशांच्या द्रावात काही मिनिटे बुडवतात, तेव्हा झाकणाजवळची दोन बोटे वाइन साक्यासकट गोठते. बाटली सरळ केली तरी तो बर्फाचा खडा जागेवरच राहतो. झाकण उडवले की आतला दाब त्या मळकट खड्याला बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकतो आणि मागे स्वच्छ वाइन राहते. सांडलेली जागा वाइन व साखर यांच्या मिश्रणाने भरून काढतात, बूच ठोकतात आणि तारेने बांधतात. पेय गोड होणार की कोरडे, हे या शेवटच्या भरतीतल्या साखरेवर ठरते.

एवढा खटाटोप प्रत्येक बाटलीसाठी करण्यापेक्षा दुसरी फेरी एका मोठ्या बंद टाकीतच का करू नये, असा विचार इटलीच्या फेदेरिको मार्टिनोत्ती यांनी केला आणि १८९५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९०७ च्या सुमारास फ्रान्सच्या यूजेन शार्मा यांनी ती रीत सुधारली. दाब सोसणाऱ्या पोलादी टाकीत वाइन आंबते, तिथेच गाळली जाते आणि दाब न सोडता बाटलीत भरली जाते. प्रोसेक्को अशी बनते, काही आठवड्यांत. ही गरिबाची शॅम्पेन आहे असे म्हणण्याची पद्धत आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. प्रोसेक्कोच्या ग्लेरा या द्राक्षाचे मोल त्याच्या नाशपाती-सफरचंदासारख्या ताज्या वासात असते आणि तीन वर्षे साक्यावर ठेवले तर तोच वास आधी मरतो. मोस्कातो द्राक्षांच्या आस्तीचेही तेच. तिथे तर दुसरी फेरीही नसते: रस बंद टाकीत एकदाच आंबवतात आणि अल्कोहोल ७ टक्क्यांच्या आसपास गेले की थंड करून आंबणे थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची बरीचशी साखर तशीच उरते.

सर्वांत जुनी रीतही एकाच फेरीची आहे. रस पुरता आंबण्याआधीच बाटलीत भरायचा आणि उरलेली साखर आत आंबू द्यायची. दक्षिण फ्रान्समधल्या लिमू गावच्या लोकांचा दावा आहे की त्यांच्या शेजारच्या सँ-इलेर मठात १५३१ पासून अशी वाइन होत होती. अलीकडे पेटनॅट या नावाने मिळणाऱ्या, किंचित गढूळ आणि लहरी बाटल्या याच रीतीच्या. आणि उरली ती गोटी सोड्याची रीत, म्हणजे साध्या वाइनमध्ये नळीने वायू भरणे. तिचे बुडबुडे मोठे असतात आणि पेल्यात लवकर विरतात. वायू बाहेरून घातला आहे हे युरोपात लेबलवर सांगावेच लागते.

नावांचा गुंता इथून सुरू होतो, कारण एकाच पद्धतीच्या वाइनला प्रदेशागणिक वेगळे नाव आहे. शॅम्पेन हे कायद्याने फक्त त्या प्रदेशातल्या, तिथल्या द्राक्षांच्या आणि तिथल्या नियमांनी बनलेल्या वाइनचे नाव आहे. फ्रान्सच्याच दुसऱ्या भागांत तंतोतंत तीच पद्धत वापरली तरी तिला क्रेमाँ म्हणावे लागते: अल्सासची, बर्गंडीची, ल्वारची. स्पेनमध्ये ती कावा होते, आणि मौज अशी की कावा हे नाव एका सलग प्रदेशाचे नाही; बहुतेक कावा बार्सिलोनाजवळच्या पेनेदेसमध्ये होत असली तरी दूरच्या रिओखा आणि एक्स्त्रेमादुरातही तिला परवानगी आहे. दक्षिण आफ्रिकेत ती कॅप क्लासिक असते. जर्मनीचे झेक्ट मात्र पद्धतीबद्दल काहीच सांगत नाही, बहुतेक टाकीतलेच असते. त्यावर १९०२ मध्ये कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी एक कर बसवला गेला. आरमार बुडाले, कर मध्यंतरी रद्द होऊन पुन्हा आला आणि आजही बाटलीमागे १ युरो २ सेंट वसूल होतात.

शॅम्पेनवाले आपल्या नावाला किती जपतात याची गोष्ट स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातल्या एका गावाला विचारावी. त्या गावाचेच नाव शॅम्पेन आहे आणि तिथे शतकानुशतके साधी, बिनबुडबुड्यांची वाइन होत आली आहे. तरी स्विस सरकार आणि युरोपीय संघ यांच्यातल्या करारामुळे २००४ पासून गावकऱ्यांना आपल्या बाटलीवर आपल्या गावाचे नाव छापता येत नाही. अमेरिकेत उलटे घडले: १० मार्च २००६ पूर्वी मंजूर झालेल्या ब्रँडना कॅलिफोर्निया शॅम्पेन असे छापण्याची मुभा अजून आहे. रशियाने तर २०२१ मध्ये कायदाच केला की रशियन भाषेत शाम्पान्स्कोये हे नाव फक्त देशी मालाला मिळेल.

प्रोसेक्कोची चाल याहून हुशारीची होती. २००९ पर्यंत प्रोसेक्को हे द्राक्षाचे नाव होते आणि द्राक्षाच्या नावावर कोणाची मालकी नसते. ब्राझीलचा शेतकरीही ते लावून तेच छापू शकत होता. इटलीने त्या वर्षी द्राक्षाचे अधिकृत नाव ग्लेरा केले, त्रिएस्तेजवळच्या प्रोसेक्को नावाच्या छोट्या गावाकडे बोट दाखवले आणि आता हे स्थळाचे नाव आहे असे ठरवून ईशान्येतल्या नऊ जिल्ह्यांभोवती कुंपण घातले. ऑस्ट्रेलियन उत्पादक आजही ते द्राक्षाचेच नाव मानतात. या कुंपणातही उंच-सखल आहे: कोनेल्यानो आणि व्हाल्दोब्यादेने यांच्यामधल्या उभ्या टेकड्यांवरच्या प्रोसेक्कोला वरचा दर्जा आहे, आणि लेबलवर फ्रित्सान्ते असेल तर दाब निम्म्याहून कमी, म्हणजे अडीच बारपर्यंतच असतो (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण).

गोडीचे शब्द सर्वाधिक चकवतात. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. त्याहून कोरडी एक्स्ट्रा ब्रूट ६ ग्रॅमपर्यंत आणि वरून साखर मुळीच न घातलेली ब्रूट नेचर ३ ग्रॅमच्या आत. इथवर ठीक आहे. पण एक्स्ट्रा ड्राय, जी शब्दशः जास्त कोरडी असायला हवी, ती १२ ते १७ ग्रॅमची, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड असते. नुसती ड्राय किंवा सेक १७ ते ३२, देमी-सेक ३२ ते ५० आणि त्यावर डू. आपल्या अंदाजाने सांगायचे तर दोन चमचे साखर घातलेला कपभर चहा या मापाने डू ठरेल. हा उलटा क्रम का आला, याचे उत्तर इतिहासात आहे. २०१० मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका बुडालेल्या जहाजात एकोणिसाव्या शतकातल्या शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या. त्यांत लिटरमागे १४० ग्रॅमहून अधिक साखर होती. ज्या काळात शॅम्पेन सरबताइतकी गोड असे, त्या काळात १५ ग्रॅमची वाइन खरोखरच अत्यंत कोरडी वाटे आणि तसे नाव तिला पडले. पुढे इंग्रज गिऱ्हाइकांची आवड आणखी कोरडी होत गेली, १८७४ ची मादाम पोमेरी यांची शॅम्पेन त्या वळणावरची प्रसिद्ध बाटली, आणि खालच्या पायऱ्यांना नवी नावे शोधावी लागली. जुनी नावे मात्र कोणी बदलली नाहीत.

लेबलवरचे उरलेले शब्द पटकन सांगता येतील. ब्लाँ द ब्लाँ म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची, ब्लाँ द न्वार म्हणजे फक्त काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन. ग्राँ क्रू हा शॅम्पेनमधल्या १७ गावांचा दर्जा आहे. आणि शॅम्पेनच्या लेबलवर कोपऱ्यात बारीक रोमन अक्षरांत एनएम असेल तर ती द्राक्षे विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची, आरएम असेल तर स्वतःच्या मळ्यातून स्वतः बाटली भरणाऱ्या शेतकऱ्याची. मला यांतले शेवटचे सर्वांत उपयोगी वाटते.

महाराष्ट्राचा या गोष्टीतला भाग लहान असला तरी खरा आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला शॅम्पेनमधल्या तंत्रज्ञांच्या मदतीने पारंपरिक पद्धतीची वाइन होऊ लागली आणि ओमर खय्याम या नावाने ती युरोपात विकली गेली. आज नाशिक आणि दिंडोरी परिसरात अनेक वायनरी स्पार्कलिंग करतात, त्यांत एक प्रख्यात फ्रेंच शॅम्पेन घराण्याच्या समूहाचीही आहे. आपल्या वेलीला बर्फाळ थंडीची झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्याअखेरची फळछाटणी करून तिला वळण द्यावे लागते आणि तोडणी फ्रान्ससारखी सप्टेंबरात न होता हिवाळ्यात होते. शेनँ ब्लाँ ही ल्वारची जात उष्णतेतही आंबटपणा टिकवते, त्यामुळे इथल्या बऱ्याच बाटल्यांत ती असते. शॅम्पेन हे नाव भारतातही भौगोलिक मानांकनाने राखलेले असल्यामुळे या बाटल्यांवर ते छापता येत नाही. पद्धत पारंपरिक असेल तर तसा उल्लेख मात्र सापडतो आणि तोच शोधावा.

दुकानात ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली पांढऱ्या काचेची बाटली शक्यतो घेऊ नये, कारण प्रकाशाने या वाइनचा वास बिघडतो. घरी आणल्यावर तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवावी. गार वाइन वायू धरून ठेवते, कोमट वाइन तो फेसासकट फेकते. तारेची कडी सहा अर्धे वेढे देऊन सुटते. ती सोडल्यापासून बुचावरचा अंगठा काढू नये, बाटली तिरपी धरावी आणि बूच स्थिर ठेवून बाटली फिरवावी. गोटी सोडा फुटताना होणारा आवाज हवाहवासा असतो. इथे मात्र नुसता सुस्कारा ऐकू आला पाहिजे, कारण मोठ्या आवाजाबरोबर जो फेस टेबलावर सांडतो, तोच साक्यावर पंधरा महिने राखलेला असतो.